थ्री-पीस व्हील्स बसवताय? टायर प्रेशरची लाइट बंद आहे म्हणजे सेन्सर चाकात आहे असं समजू नका

ज्यांच्या गाडीत कंपनीचे टायर प्रेशर सेन्सर आहेत आणि जे बाहेरून टू-पीस किंवा थ्री-पीस व्हील्स घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी हे जरूर वाचा. थोडं लांबलंय, पण मला ज्या पद्धतीने गंडवलं ती इतकी साधी आहे की नुसतं मीटरकडे बघून कुणालाच कळणार नाही.

आधी मुळात अडचण काय असते ते सांगतो, कारण गंडवणारे दुकानदार त्या अडचणीचाच फायदा घेतात. कंपनीचा सेन्सर म्हणजे वॉल्व्हच्या आतल्या टोकाला लावलेली छोटी प्लास्टिकची डबी, तिच्यात प्रेशर मोजणारी चिप, एक बारका ट्रान्समीटर आणि लिथियमची बटण बॅटरी, सगळं आतून पॅक, त्यामुळे बॅटरी संपली (साधारण 5 ते 10 वर्षं टिकते) की अख्खा सेन्सर बदलायचा. हा वॉल्व्ह बसायला रिमला साधारण 11.3 मिलिमीटरचं भोक लागतं आणि नेहमीच्या अलॉयला तेवढं असतंच. थ्री-पीसची गोष्ट वेगळी. मधलं सेंटर वेगळं, बाहेरचा लिप वेगळा, आतला बॅरल वेगळा, तिन्ही भाग गोल फिरून बोल्टनी आवळलेले आणि हवा निघू नये म्हणून सांध्यावर सिलिकॉन सीलंट. यातल्या बऱ्याच व्हील्सना वॉल्व्हचं भोक बारीक असतं, 8 मिलिमीटरच्या जरा वर, कारण ती रेसिंगच्या छोट्या मेटल वॉल्व्हसाठी बनवलेली असतात. त्यात कंपनीचा वॉल्व्ह शिरतच नाही. आणि समजा भोक बरोबर साइजचं निघालं तरी ते ज्या तिरक्या कोनात असतं त्यामुळे डबी रिमला नीट टेकत नाही, कधी सीलंटवरच चढून बसते, कधी एवढी वर येते की टायर चढवताना बीड (टायरची रिमवर बसणारी कड) तिच्यावरून गेला की कटकन मोडते.

म्हणजे काम होतं, पण खटपटीचं आहे आणि प्रत्येक व्हीलवर होईलच असं नाही.

मी ज्याच्याकडे गेलो ते दुकान व्हील्सच्या कामात नावाजलेलं, नाव इथे लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं की व्हील्स आवडलीत पण सेन्सर चाललेच पाहिजेत, नसतील चालणार तर मला ही व्हील्स नकोत. त्याने भोक बघितलं, म्हणाला, "साहेब, टेन्शनच घेऊ नका, भोक मशीनवर मोठं करून कंपनीचेच सेन्सर टाकून देतो, रोजचं काम आहे आपलं." संध्याकाळी गाडी ताब्यात मिळाली, मीटरवर एक लाइट नाही, चारही चाकांचं प्रेशर व्यवस्थित दिसतंय, बिलात वॉल्व्ह होल मशिनिंग, सेन्सर ट्रान्सफर आणि सेन्सर प्रोग्रॅमिंग असे तीन वेगवेगळे चार्ज.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा एक आयडी नंबर असतो आणि गाडीच्या कंट्रोल युनिटला तो नंबर माहीत असतो. त्याच गाडीचे तेच सेन्सर नव्या रिमवर लावले तर आयडी बदलतच नाही, मग प्रोग्रॅमिंग कसलं? फार तर जागा बदलल्या असतील, पुढचा मागे गेला असेल, तर काही गाड्यांना ते परत शिकवावं लागतं. त्यामुळे जुनेच सेन्सर वापरून वर चार चाकांचं प्रोग्रॅमिंग लावलं असेल तर तिथेच विचारा की बाबा रे नक्की काय प्रोग्रॅम केलंस.

मला खटकलं ते दुसरंच. मीटरवर चारही आकडे कायम सारखे. सकाळी 35, 35, 35, 35 (पीएसआय, म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) आणि तासभर हायवेला पळवून थांबलं की तेव्हाही 35 नाहीतर फार तर 36, तेही चारही एकदम. आधीच्या अलॉयवर असं कधीच नव्हतं, पुढची दोन जरा जास्त तापायची, उन्हाच्या बाजूचं चाक एखादा पॉइंट वर दाखवायचं, लांब पळवली की सहज तीन-चार पीएसआय चढायचे. टायर पळताना गरम होतो, आतली हवा गरम झाली की प्रेशर वाढतं, ढोबळ हिशोब असा की साडेपाच-सहा अंश सेल्सिअसला एक पीएसआय. चढत नसेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. दुकानात फोन केला तर उत्तर तयार, "नवीन व्हील्स आहेत ना सर, थ्री-पीसमध्ये हीट चांगली बाहेर जाते." काय बोलणार यावर.

मग गाडी हळूहळू डावीकडे ओढायला लागली. मला वाटलं अलाइनमेंट गेली. पंपावर हवा चेक करायला थांबलो, हवावाल्याने पुढच्या डाव्या चाकाला गेज लावला आणि म्हणाला, "यात तर काहीच नाहीये हो," बघतो तर 19. आत मीटरवर त्याच चाकाला 35. त्याने दुसरा गेज आणून लावला, पुन्हा 19. लो प्रोफाइल (कमी उंचीचा) टायर असल्याने बाहेरून बसलेला दिसतच नव्हता, त्याची साइडवॉल (बाजूची भिंत) इतकी कडक की अर्धी हवा गेली तरी टायर ऐटीत उभा. मी अशा चाकावर हायवेला गाडी पळवत होतो आणि डॅशबोर्ड मला सगळं आलबेल आहे म्हणून सांगत होता.

तिथून सरळ दुसऱ्या वर्कशॉपला नेली, जिथे सेन्सर वाचायचं टूल आहे. हे टूल वॉल्व्हजवळ टायरला टेकवलं की 125 किलोहर्ट्झचा सिग्नल सोडून सेन्सरला जागं करतं आणि सेन्सर आपला आयडी, प्रेशर, टेंपरेचर, बॅटरीची स्थिती पाठवतो. त्या पोराने पहिल्या चाकाला लावलं, काही नाही. दुसऱ्याला, काही नाही. चारही चाकं फिरला, चारही ठिकाणी सेन्सर सापडला नाही असाच मेसेज. इकडे मीटरवर चारही आकडे झळकतायत. तो डोकं खाजवत गाडीच्या मागे गेला, टूल हातात चालूच होतं, बंपरजवळ धरलं आणि टूल वाजलं. एक आयडी आला, परत धरलं तर दुसरा आला.

डिकीतलं कार्पेट काढलं, स्टेपनी उचलली, खाली फोममध्ये गुंडाळलेला एक राखाडी पीव्हीसी पाइप, साधारण हाताच्या कोपरापर्यंतच्या लांबीचा, दोन्ही टोकांना कॅप सोल्युशनने चिकटवलेली आणि एका कॅपमध्ये साधा टायरचा वॉल्व्ह. हलवला की आत खडखड. आधी हवा सोडली (हे लक्षात ठेवा, पीव्हीसी पाइप हवेच्या प्रेशरसाठी बनलेला नसतो, फुटला तर त्याचे तुकडे उडतात, आणि हा डिकीत उन्हात तापत पडलेला, मागच्या सीटवर आपली पोरं), हवा जाता जाता मीटरवरचे चारही आकडे एकदम खाली यायला लागले आणि लाइट पेटली. मग करवतीने कापला. आत माझे चारही कंपनीचे सेन्सर, अगदी जुन्या रिमची धूळ वॉल्व्हच्या खाचेत तशीच.

म्हणजे त्या पहिल्या दुकानदाराने चाकात साधे छोटे मेटल वॉल्व्ह टाकले, सेन्सर पाइपमध्ये भरले, पाइपात 35 हवा मारली आणि गाडीला वाटत राहिलं की हीच चार चाकं. भोकं मोठी केलीच नव्हती, मशिनिंगचा चार्जही हवेतच. काही सेन्सर चाक फिरत नसेल तर झोपतात आणि मग थोड्या वेळाने मीटरवर नुसत्या रेघा येतात, पण माझ्या गाडीतले जुन्या पद्धतीचे, न फिरताही ठराविक वेळाने सिग्नल पाठवणारे, त्यामुळे त्याचं फावलं. काही लोक स्वतःच्या गाडीत दुसरा व्हील सेट वापरताना लाइटचा वैताग नको म्हणून मुद्दाम असा पाइप करून ठेवतात, मला ते पटत नाही, पण निदान त्यांना माहीत तरी असतं.

टायर उतरवला तेव्हा आतून काळा रबराचा चुरा मूठभर निघाला आणि आतल्या साइडवॉलला गोल फिरून घासल्याचा पट्टा. कमी हवेवर पळाल्याची ही खूण, असा टायर परत चढवायचा नसतो, बाहेरून कितीही नवा दिसो. हवा जात होती ती लिप आणि सेंटरच्या सांध्यातून, साबणाचं पाणी मारल्यावर एका बोल्टजवळ बारीक बुडबुडे येत होते. वर्कशॉपवाल्याचा अंदाज असा की टायर चढवताना मशीनच्या हुकने नाहीतर बीडने सीलंट खरवडला गेला. थ्री-पीसमध्ये असा स्लो लीक होऊ शकतो, तो सांधा साफ करून परत सील करायचा, सीलंट पूर्ण सुकू द्यायचा आणि मगच टायर चढवायचा. म्हणजे बघा, ज्या व्हीलला सेन्सरची सगळ्यात जास्त गरज त्याच व्हीलमधून याने सेन्सर काढून डिकीत ठेवले. अमेरिकेत ही सिस्टिम उगाच सक्तीची नाही केली, टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर 2000 साली कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून तिथल्या नव्या गाड्यांना ती लागलीच, सांगितलेल्या प्रेशरपेक्षा 25 टक्के कमी झालं की लाइट पेटलीच पाहिजे असा नियम. 35 ला 25 टक्के म्हणजे साधारण 26. माझं 19 होतं.

पाइपचे दोन तुकडे घेऊन दुकानात गेलो. आधी कानावर हात, "आमच्याकडचा नाही हा." मग बिल दाखवलं, त्यावर सेन्सर ट्रान्सफर लिहिलेलं, मग सूर बदलला, "सर, तुम्हाला मीटरवर लाइट नको होती, लाइट आली का कधी?" आणि हे तो अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणाला. मला लाइट कधीच नको असं नव्हतं, मला हवा कमी झाल्यावर लाइट हवी होती, पण हे त्याला समजत नव्हतं असं नाही, समजून घ्यायचं नव्हतं.

आता ज्यांना हे काम करायचंय त्यांनी काय बघायचं. व्हील्सचे पैसे देण्याआधी वॉल्व्हचं भोक व्हर्नियरने मोजून घ्या. बारीक असेल तर बनवणाऱ्या कंपनीलाच विचारा की भोक मोठं करता येईल का आणि त्या जागी धातू पुरेसा आहे का, हँड ड्रिल घेऊन बसणाऱ्याकडे अजिबात देऊ नका, भोकाची कड आणि वॉल्व्हची रबर सील जिथे बसते ती जागा सपाट नसेल तर तिथूनच हवा जाते. जमत नसेल तर पट्टीचा पर्याय आहे, स्टीलचा पट्टा रिमच्या खोलगट भागात गोल आवळायचा आणि सेन्सर त्याच्यावर, वॉल्व्हशी संबंधच नाही. मी शेवटी हेच केलं, फक्त पट्टा सीलंटच्या सांध्यावर येत नाही ना हे डोळ्याने बघितलं, आणि जुने सेन्सर पाइपात आदळून खराब झाले असतील या शंकेने नवे घेतले, त्यात जुनेच आयडी कॉपी करता येतात.

टायर चढवायच्या आधी सेन्सर रिमवर बसलेला बघितल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका, चारही चाकांचा फोटो काढा. बाहेरून मेटलचा वॉल्व्ह दिसला म्हणून काही सिद्ध होत नाही, सेन्सरशिवायचे मेटल वॉल्व्ह भरपूर मिळतात. आणि गाडी ताब्यात घेताना तिथेच एका चाकातून पाच-सहा पीएसआय हवा सोडा आणि एक चक्कर मारून या, बऱ्याच गाड्या चालू लागल्यावरच आकडा अपडेट करतात. त्याच चाकाचा आकडा खाली आला पाहिजे. दुकानदार यावर कुरकुर करायला लागला की समजून जा. ज्यांच्या गाडीत एबीएसवरून (ब्रेकच्या सिस्टिमला कळणाऱ्या चाकाच्या वेगावरून) अंदाज लावणारी सिस्टिम आहे, चाकात सेन्सरच नसतो, त्यांचा या भानगडीशी संबंध नाही.

माझं म्हणाल तर बरीच उडवाउडवी झाल्यावर त्याने मशिनिंग, ट्रान्सफर आणि प्रोग्रॅमिंगचे पैसे परत केले, टायरची भरपाई द्यायला मात्र तयार नाही, म्हणून लेखी तक्रार दिलीय, सोबत बिल, टूलच्या स्क्रीनचे आणि पाइप कापतानाचे फोटो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता, तो पाइप परत द्याल का म्हणून विचारत होता. नाही दिला.