वर्डला पर्याय शोधताय? मराठी फाईल कुठे शाबूत राहते, कुठे विस्कटते

कऱ्हाडात माझे टायपिंग आणि पुस्तकजुळणीचे काम आहे. प्रबंध, सोसायट्यांचे अहवाल, स्मरणिका, जे येईल ते. दरवर्षी पैसे भरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल) वापरणे परवडेना, तेव्हा लिब्रेऑफिस, ओन्लीऑफिस आणि गूगल डॉक्स ही तिन्ही लिखाणाची पॅकेजेस मी रोजच्या कामात घातली. चौकशीला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, ‘वर्डची फाईल उघडते ना?’ उघडते, तिन्हींत उघडते. विचारायला हवे ते वेगळेच: फाईल दुरुस्त करून परत पाठवली, तर समोरच्याच्या वर्डमध्ये ती कशी दिसेल?

आधी फाईलच्या पोटात डोकावू. वर्डच्या कुठल्याही फाईलची, म्हणजे डॉकएक्सची, एक प्रत काढा, नावाच्या शेवटी डॉकएक्सऐवजी झिप लिहा आणि उघडा. आत फोल्डरे दिसतात आणि त्यांतल्या एका एक्सएमएल फाईलमध्ये तुमचा सगळा मजकूर असतो. अक्षराचा आकार तिथे दोनदा नोंदवता येतो, एक रोमन लिपीसाठी आणि एक देवनागरी, अरबी अशा लिप्यांसाठी. आकडे अर्ध्या पॉइंटात असतात, म्हणजे 12 पॉइंट तिथे 24 होतात. मराठी मजकूर दुसऱ्या आकड्याचे ऐकतो. एखाद्या पॅकेजमध्ये पहिलाच आकडा बदलला गेला आणि दुसरा जुनाच राहिला, की पडद्यावर 14चे दिसणारे शीर्षक दुसरीकडे 11चे होऊन बसते. ठळक अक्षरांचेही तसेच. ‘माझी फाईल आपोआप बिघडली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हे निघते.

लिब्रेऑफिसमध्ये हा दुपदरी कारभार उघड दिसतो. स्टाईल, म्हणजे शीर्षक, परिच्छेद यांची ठरवून ठेवलेली मांडणी, उघडली की पाश्चात्त्य लिपीचा फॉन्ट वेगळा आणि आपल्या लिपीचा वेगळा निवडता येतो. नवख्या माणसाला पहिल्यांदा याचा वैताग येतो, पण मराठीत लांब मजकूर करणाऱ्याला हेच हवे असते. मजकुराची भाषा मराठी अशी नेमली, की नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. भाषा हिंदी राहिली, तर हिंदी वळणाचे. दीडशे पानांच्या पुस्तकात हा फरक डोळ्यांत भरतो. मेन्यू मराठीतून मिळतात, शुद्धलेखन तपासायला मराठी शब्दकोशही जोडता येतो. 2010 साली ओपनऑफिसपासून वेगळे होऊन हे पॅकेज निघाले. जुन्या नावाच्या ओळखीवर अजूनही कोणी अपाची ओपनऑफिस उतरवून घेतात. त्यात डॉकएक्स वाचता येते, पण डॉकएक्स म्हणून सेव्ह करता येत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

लिब्रेऑफिसचा स्वतःचा फाईलचा नमुना (फॉरमॅट) ओडीटी. तो ज्या ओडीएफ कुटुंबातला आहे, त्याला 2006 साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. मायक्रोसॉफ्टच्या डॉकएक्सच्या मानकाला तो 2008 साली देशांच्या मतदानातून मिळाला, आणि त्या मतदानात भारताने विरोधी मत दिले होते. खुल्या मानकाच्या बाजूने मी मनापासून आहे. माझी स्वतःची सगळी कागदपत्रे ओडीटीत आहेत. तरी एकदा एका संस्थेचा अहवाल तसाच ओडीटीत पाठवला आणि पस्तावलो. त्यांच्या वर्डने फाईल उघडली, पण प्रकरणांचे क्रमांक हलले आणि तळटीपांची रेघ सरकली. छपाईची तारीख तोंडावर होती. रात्री बसून सगळे क्रमांक हाताने लावले.

तेव्हापासून ज्या फाईलची दोन्हीकडून ये-जा होणार, ती मी ओन्लीऑफिसमध्ये ठेवतो. त्याचा गाभाच वर्डच्या डॉकएक्स आणि एक्सेलच्या एक्सएलएसएक्स या नमुन्यांवर बांधलेला आहे, त्यामुळे तक्ते, शेऱ्यांचे फुगे, दुरुस्त्यांच्या खुणा जवळपास जशाच्या तशा राहतात. वर्डची सवय असलेल्याला चेहराही ओळखीचा वाटतो. मात्र पुस्तकाच्या जुळणीसाठी मी ते घेणार नाही. मोठ्या ग्रंथाच्या स्टाईली लिब्रेऑफिसमध्ये जास्त हाताशी राहतात. आवृत्तीही नवीच घ्या, आणि घेतल्या घेतल्या ‘कऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, ऱ्हास’ एवढे टाईप करून बघा. तो अर्धा ‘र’ हीच खरी परीक्षा.

त्या अर्ध्या ‘र’ची आणखी एक गोम आहे. तो दोन प्रकारे टाईप होतो: एक नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त लावून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि मागे न दिसणारे जोडचिन्ह लावून. दिसायला एकच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. दोघांनी मिळून टाईप केलेल्या प्रबंधात ‘दुसऱ्या’ शोधायला जाल, तर निम्मेच सापडतील. फाईल हाती आली की आधी शोधा-बदला करून एकच रूप ठेवा. यातून कुठलेही पॅकेज आपसूक सोडवत नाही.

गूगल डॉक्स एका कामासाठी बिनतोड: चार जणांनी एकाच मजकुरावर बसायचे असेल तेव्हा. संपादक पुण्यात, लेखिका अमेरिकेत, तरी सूचना समोरासमोर दिसतात. ‘मुक्त’, ‘तिरो देवनागरी मराठी’ असे उत्तम फॉन्ट तिथे आयते आहेत. पण विंडोजमधला मंगल फॉन्ट नाही. मंगलमध्ये केलेली फाईल वर चढवली की दुसरा फॉन्ट तिची जागा घेतो, ओळी वेगळ्या तुटतात आणि अनुक्रमणिकेतली पाने चुकतात. शेवटची जुळणी तिथे करू नका.

फॉन्टचे हे दुखणे सगळीकडचेच. वर्डमधल्या कॅलिब्री फॉन्टच्या जागी तंतोतंत त्याच मापाचा कार्लिटो लिब्रेऑफिससोबत येतो, टाइम्स आणि एरियलसाठी लिबरेशन येतात. मंगलसाठी त्या संचात असा जोडीदार नाही. म्हणून मी ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ फॉन्ट वापरतो, दोन्ही मोफत आहेत, आणि फॉन्टची फाईलही सोबत पाठवतो. आणि श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख या जुन्या फॉन्टांच्या काळातल्या फाईली असतील, तर पॅकेज बदलून काही साधणार नाही. त्यांत मराठी नाहीच, रोमन खुणांना मराठी मुखवटा आहे. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची खूण असलेल्या पद्धतीत, रूपांतर करा, मग पुढचे बोलू.

सोसायटीचे हिशेब साधे असतील तर लिब्रेऑफिसचे कॅल्क पुरते; 24.8 आवृत्तीपासून तक्त्यातली नोंद शोधून देणारे एक्सलुकअप हे सूत्रही आहे. मॅक्रोंवर, म्हणजे आत लिहून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञांवर, चालणारी एक्सेल फाईल असेल तर थांबा. लिब्रेऑफिसमध्ये त्यातले काही चालतात, काही अडतात, आणि ओन्लीऑफिसचे मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये असतात, म्हणजे सगळे नव्याने लिहिणे आले.

मला विचाराल तर घरच्या, शाळेच्या, पुस्तकाच्या कामाला लिब्रेऑफिस. वर्डवाल्यांशी रोजचा पत्रव्यवहार असेल तर ओन्लीऑफिस. एकत्र लिहिण्यापुरते गूगल डॉक्स. एका फाईलचा नमुना मात्र सारखा बदलू नका, आणि ज्यात आता काही बदलायचे नाही ते पीडीएफ करून पाठवा. लिब्रेऑफिसमध्ये हायब्रिड पीडीएफ निघते. तिच्या पोटात मूळ ओडीटी राहते, पुढे कधी दुरुस्ती निघाली तर तीच उघडता येते.

ठरवण्याआधी तुमची सगळ्यात किचकट फाईल घ्या, तक्ते, तळटीपा आणि लेटरहेड असलेली. नव्या पॅकेजमध्ये एक ओळ बदला, सेव्ह करा आणि वर्ड असलेल्या ओळखीच्या माणसाला पाठवा. त्याच्याकडून पीडीएफ मागवा आणि जुन्या छापील प्रतीशेजारी ठेवून पानोपान ताडून बघा.