लॅम्डा डीएनएचं किट आणि रत्नागिरीचा पावसाळा

बायोटेकच्या प्रॅक्टिकलसाठी आम्ही गेल्या दिवाळीनंतर रिस्ट्रिक्शन डायजेशनचं, म्हणजे एन्झाइमने डीएनए ठरावीक जागी कापण्याच्या प्रयोगाचं, तयार किट मागवलं. लॅम्डा या विषाणूचा डीएनए, इको-आर-वन आणि हिंद-थ्री ही दोन कापणारी एन्झाइम, बफर, लोडिंग डाय, अ‍ॅगारोज (जेल बनवायची पूड), सगळं एकाच खोक्यात. छोट्या कॉलेजांनी जरूर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण पॅकिंग. इथे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही, आणि एन्झाइम तर उणे २० अंशांवर ठेवायची. या किटमध्ये एन्झाइम एका मोठ्या ट्यूबमध्ये न देता बॅचगणिक वेगळ्या छोट्या ट्यूबमध्ये दिली आहेत. लागेल तेवढी एक काढायची, बाकीच्यांना हातही लावायचा नाही. ५० टक्के ग्लिसरॉलमुळे एन्झाइम त्या थंडीतही गोठत नाही, पण सारखं आत-बाहेर झालं की त्याचा जोर जातो. याच साठ्यावर आम्ही यंदा भर पावसात बॅच घेतली, जेलवर डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे, म्हणजे बँड, तितकेच स्वच्छ आले. टेबलावरचा बर्फ मिरकरवाडा बंदरातला. मासळीसाठी फोडलेला तो चुरा थर्माकोलच्या पेटीत भरला की ट्यूब त्यात नीट रुतून बसतात.

३७ अंशांवर तासभर ठेवून डीएनए कापायचा, मग जेलमध्ये वीज सोडून तुकडे लांबीनुसार वेगळे करायचे. लॅम्डाच्या ४८,५०२ बेसजोड्यांत (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांत) इको-आर-वनला 'जीएएटीटीसी' हा क्रम पाच जागी सापडतो, म्हणजे तुकडे सहा. मुलं मात्र पाचच मोजतात, कारण ५,८०४ आणि ५,६४३ बेसजोड्यांचे तुकडे लहान जेलवर एकमेकांना चिकटून एकच जाड बँड दिसतो. ही चर्चा वर्गात फार रंगते. जेल थोडं लांब घ्या आणि सावकाश चालवा, दोन्ही सुटे दिसतात.

माहितीपुस्तिका चांगली आहे. एन्झाइम एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घालू नका, ग्लिसरॉल वाढलं की इको-आर-वन भलत्याच जागी कापतं, हे त्यात ठळक छापलंय. पण एक महत्त्वाची सूचना राहिली आहे. लॅम्डाची दोन्ही टोकं एकमेकांना जुळणारी असतात. त्यामुळे हिंद-थ्रीने कापल्यावर २३,१३० आणि ४,३६१ चे तुकडे पुन्हा जोडले जातात आणि ४,३६१ चा बँड फिकट पडतो. जेलमध्ये भरण्याआधी नमुना ६५ अंशांवर पाच-दहा मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवला की तो ठसठशीत येतो. पुस्तिकेतल्या नमुना फोटोतही तो बँड पुसटच आहे. पुढच्या आवृत्तीत कंपनीने हे एक वाक्य घालावं, मुलांचा गोंधळ वाचेल.

मागवताना एवढं बघा: जून ते सप्टेंबर टाळा. घाटात दरड आली की पार्सल अडकतं आणि थंडाव्यासाठी घातलेले जेल पॅक वितळून जातात. इतर वेळीही सोमवारीच पाठवायला सांगा, म्हणजे रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही.