रेफरन्स लावून मिक्स करायचं की सरळ कानावर?

मिक्सिंग, म्हणजे गाण्यातले सगळे आवाज एकमेकांत जुळवणं, शिकणारे बरेच जण हेच विचारतात, रेफरन्स म्हणून दुसऱ्याचं तयार गाणं बाजूला लावून मिक्स केलं तर आपला साउंड कधी सापडणार? मी दोन्ही करून बसलोय, लालबागला दहा बाय दहाच्या खोलीत, त्यामुळे जे सांगतोय ते त्या खोलीतलं आहे, अंधेरीच्या चकाचक स्टुडिओतलं नाही.

आधी बेस, कारण खरा फरक तिथेच पडतो. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झला आवाज अडकतो, खोली चौरस असली की दुसऱ्या दोन भिंतींचंही तेच, आणि आपण खुर्ची टाकतो बरोब्बर मधोमध, जिथे नेमका तोच बेस गायब असतो. मग काय, कानावर विसंबून मी ढोलकीचा घुमारा वाढवत गेलो वाढवत गेलो आणि मित्राच्या गाडीत लावलं तर दरवाजे थरथरायला लागले. रेफरन्स लावला असता तर त्याचाही बेस त्या खुर्चीत तेवढाच बारीक वाटला असता आणि कळलं असतं की खोट खोलीत आहे, ढोलकीत नाही. इथे रेफरन्सच, वादच नाही.

फक्त लेव्हल जुळवा राव! मास्टर झालेलं, म्हणजे शेवटचा हात फिरवून रिलीजला तयार केलेलं गाणं आपल्या कच्च्या मिक्सपेक्षा सहज 6-8 डीबी मोठं असतं आणि मोठं ते कानाला भारीच वाटतं, त्यामुळे आधी ते खाली ओढा, नाहीतर तुम्ही दोन तास हवेशी भांडत बसाल. आणि आपल्या मास्टर ट्रॅकवर आवाजाची उंची दाबून धरणारा जो लिमिटर असतो, त्यातून ते जाऊ देऊ नका.

गाणं कुठलं निवडता हेही बघा. 'सैराट'चा ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला जाऊन खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलाय, त्याच्यासमोर माझ्या लॅपटॉपातली सॅम्पलची व्हायोलिनं ठेवली तर मी रडणारच ना. तुमच्यासारखीच वाद्यं असलेलं गाणं घ्या, दोन-तीन बास.

आता कानाची बाजू. एका गोंधळाच्या गाण्याला मी गुळगुळीत पॉप रेफरन्स लावला होता, त्यात 3 किलोहर्ट्झच्या आसपास काहीच टोचत नव्हतं, म्हणून मी संबळाची ती कणकण कापत गेलो. मीटरवर सगळं जुळलं, मी खूश. गायकाच्या आईला ऐकवलं तर म्हणाल्या, "छान झालंय रे, पण संबळ कधी सुरू होणार?" संबळ पहिल्या ओळीपासून वाजत होता. रात्री सगळे कट काढले, रेफरन्स म्यूट केला, तुणतुणं जरा मागे सारलं आणि संबळ पार पुढे आणला, इतका की माझ्याच एका मित्राला अजून तो खटकतो. पण आता लोक दोन ठेक्यांत ओळखतात हे मिक्स कोणाचं आहे ते.

गणपतीच्या तोंडावर गाणं परवा द्यायचंय, तर विचार करू नका, रेफरन्स लावा आणि मोकळे व्हा. वेळ असेल तर मी बेस आणि एकूण लेव्हल त्याच्यावर तपासतो, दर अर्ध्या तासाने दहा सेकंद, बस. गायकाचा आवाज किती पुढे, रिव्हर्ब म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी किती, कुठलं वाद्य टोचू द्यायचं, हे सगळं रेफरन्स बंद करून. आणि रात्री अकरानंतर काहीच फायनल करत नाही, तोवर कान मेलेले असतात.