क्रीटमधलं तळं: कुर्नास की वूलिस्मेनी?

ग्रीसच्या क्रीट बेटाची सहल आखायला बसलं की दोन तळ्यांचे फोटो हमखास समोर येतात. दोन्ही फोटोंत पाणी निळंहिरवं, मागे डोंगर नाहीतर कडा. म्हणून घोळ होतो. पोहायला उतरावं असं गोड्या पाण्याचं तळं मात्र त्यांतलं एकच, कुर्नास.

हानिया आणि रेथिम्नो या शहरांच्या मध्ये येऑर्गिऊपोली नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथून चारेक किलोमीटर आत गेलं की लेफ्का ओरी डोंगरांच्या पायथ्याशी हे किलोमीटरभर लांबीचं तळं लागतं. पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं. काठाशी तळ दिसेल इतकं नितळ, आत गेलं की एकदम गडद निळं. मोटारबोटींचा घरघराट नाही, पायाने चालवायच्या बोटी भाड्याने मिळतात. बोट घेतलीत तर लांबच्या काठाला न्या. गर्दी सगळी हॉटेलांसमोर असते आणि पाणकासवांना शांत कोपरेच आवडतात. (त्यांना पाव टाकणारे पर्यटक दिसतील, तुम्ही टाकू नका.) एप्रिल-मेमध्ये तळं काठोकाठ असतं, उंच शिखरांवर बर्फही असू शकतो, पण पाणी गार. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी मागे हटतं, काठाकाठाने मनसोक्त चालता येतं. मला विचाराल तर सप्टेंबर, आणि तोही सकाळी लवकर.

वूलिस्मेनी हे पूर्वेकडच्या आयिओस निकोलाओस शहराच्या मधोमध आहे. दीडशे मीटरसुद्धा रुंद नसलेलं, जवळपास गोल. 1870च्या सुमारास कालवा खोदून ते बंदराला जोडलं, त्यामुळे समुद्राचं पाणी आत येतं. अथेना देवी इथे आंघोळ करायची अशी दंतकथा आहे. पूर्वी तर ते अथांगच मानलं जाई. आज भोवती कॅफे आहेत. कॉफी घेऊन बसा, कड्यावर चढून वरून फोटो काढा, तासाभरात झालं. पण त्याच शहरातून स्पिनालोंगा बेटाला बोटी जातात. 1957 पर्यंत कुष्ठरोग्यांना जिथे वेगळं ठेवलं जाई, तेच हे बेट. खरा दिवस तिथे जातो, तळं हा सोबतचा घास.

तेव्हा मुलं बरोबर असतील, पोहायचं असेल, नुसतं पडून राहायचं असेल, तर कुर्नास. गाडी चालवायची नसेल, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात जेवायचं असेल, तर वूलिस्मेनी. क्रीटची राजधानी हेराक्लिओन, तिथून बस थेट आयिओस निकोलाओस शहरात सोडते. कुर्नासला बसने जायचं तर येऑर्गिऊपोलीला उतरून पुढचं आपलं आपण बघावं लागतं. उन्हाळ्यात तिथून पर्यटकांसाठीची, रस्त्यावरून धावणारी छोटी आगगाडी असते, पण तिच्या वेळा आधी विचारून घ्या.

दोन्ही एकाच दिवसात उरकायचा बेत मात्र करू नका. मध्ये दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. मुक्काम पश्चिमेला असेल तर कुर्नास, पूर्वेला असेल तर वूलिस्मेनी.