गाणाऱ्या पक्ष्यांची कुळे: रूपावरून लावावीत की जनुकांवरून?

आपल्या पक्षीनोंदी कुळांनुसार लावायच्या ठरवल्या की दोन वर्गीकरणे समोर येतात: चोच, पाय, पिसारा आणि सवयी पाहून केलेले जुने, आणि डीएनएच्या क्रमावरून उभे राहिलेले नवे.

दोहोंतला फरक माशीमारांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. रुंद, चपटी चोच, तिच्या मुळाशी राठ केस आणि उडता कीटक हवेतच टिपण्याची लकब एवढ्या आधारावर जुन्या पद्धतीने स्वर्गीय नर्तक आणि नाचण यांना माशीमारांच्या कुळात बसवले होते. जनुके सांगतात की हे दोन्ही पक्षी कावळे, कोतवाल आणि खाटीक यांच्या शाखेतले आहेत, आणि माशीमारांशी असलेले त्यांचे साम्य एकाच प्रकारच्या शिकारीतून स्वतंत्रपणे घडलेले आहे. उलट दयाळ आणि शीळ कस्तूर हे पूर्वी कस्तुरांमध्ये मोजले जाणारे पक्षी आता माशीमारांच्या कुळात गेले आहेत; शीळ कस्तुराचे नाव मात्र तेच राहिले.

म्हणून रूपावरचे सगळेच निष्कर्ष फोल ठरले असे नाही. स्वरयंत्राच्या रचनेवरून एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी केलेली या पक्ष्यांची विभागणी मुळात आजही टिकून आहे.

जनुकांचा पहिला कौलही अंतिम नव्हता. सिबली आणि अॅलक्विस्ट या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञांनी दोन जातींचे डीएनए एकत्र बांधून ते किती तापमानाला सुटतात हे मोजले आणि 1990 साली गायक पक्ष्यांचे दोन मोठे गट मांडले. या पद्धतीतून दोन जातींमधले अंतर केवळ एका आकड्याने कळे. पुढे प्रत्यक्ष जनुकक्रम वाचल्यावर त्यांतला कावळ्यांचा गट एकसंध नसल्याचे आणि ऑस्ट्रेलियाचे वीणापक्षी सर्वांआधी वेगळे झाल्याचे दिसून आले. वटवट्यांच्या जुन्या कुळाचे तर अनेक तुकडे झाले.

नात्यांचा क्रम हवा असेल तर माझ्या मते नवे वर्गीकरणच घ्यावे. मात्र झाडावरचा पक्षी ओळखताना जुने गट अधिक उपयोगी पडतात, कारण जनुके दुर्बिणीतून दिसत नाहीत. नव्या याद्या वरचेवर बदलतात ही अडचण खरीच आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅव्हीलिस्ट या एकत्रित यादीमुळे याद्यांमधले मतभेद कमी व्हावेत; तरीही वहीच्या पहिल्या पानावर वापरलेल्या यादीचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे.