लेन्स-वॉर्मर, थर्मास आणि दुर्बिणीवरचं धुकं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पित्ताशयाचं ऑपरेशन चालू आहे. कॅलॉट त्रिकोण (पित्ताशयाच्या मानेजवळची जागा) साफ झालाय, सिस्टिक डक्ट आणि आर्टरी, म्हणजे पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी, वेगवेगळ्या दिसतायत, क्लिप लावायला हत्यार आत गेलंय, आणि नेमकी तेव्हाच चित्राच्या कडेनं पांढरी साय धरायला लागते. "मॅडम, पुन्हा धुकं येऊन राह्यलं," कॅमेरा धरणारा पोरगा म्हणतो. मग क्लिप बाहेर, पोटातलं दाखवणारी दुर्बीण बाहेर, गरम पाणी, गॉज, परत आत. गेल्या ऑक्टोबरात एका कोलीत (पित्ताशय काढायच्या ऑपरेशनात) मी दुर्बीण अकरा वेळा बाहेर काढली. त्याच रात्री वैतागून लेन्स-वॉर्मर, म्हणजे दुर्बिणीची काच गरम ठेवणारा डबा, मागवला.

मी नागपुरात लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं पोटाची ऑपरेशनं, करते. धंतोलीत एक, रामदासपेठेत एक, मानेवाड्याकडे एक अशा छोट्या हॉस्पिटलांत स्वतःची 10 मिमीची, 30 अंशांची दुर्बीण पिशवीत घालून फिरते. ओटी (ऑपरेशन थिएटर) बदलते, सिस्टर बदलतात, एसीची तऱ्हा बदलते. काच तेवढी माझी. त्यामुळे हा अनुभव मोठ्या कॉर्पोरेट ओटीचा नाही, तिथल्यांना यातलं बरंच बिनकामाचं वाटेल.

वस्तू साधी आहे. प्लास्टिकचा जाडसर डबा, आत हीटर आणि थर्मोस्टॅट, मधे एक स्टीलची नळी. नळी निघते आणि ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक) होते, डबा निर्जंतुक पिशवीत घालायचा. नळीत स्टराइल पाणी भरून दुर्बिणीचं टोक त्यात उभं करायचं. चार्जिंगवर चालतं. किंमत बऱ्यापैकी स्मार्टफोनइतकी. कंपनीचं नाव लिहीत नाही, एका नगावरून कुणाला चांगलं-वाईट ठरवणं बरोबर नाही.

आधी थोडं धुक्याबद्दल, कारण ते समजलं नाही तर पैसे वाया जातात. माझे गेलेच होते जवळजवळ.

पावसाळ्यात एसी गाडीतून सीताबर्डीला उतरलं की चष्म्याचं जे होतं, तेच पोटात दुर्बिणीचं होतं. ओटीत 18-20 अंश, पोटात 37 अंश आणि हवा ओलीचिंब. गार काच आत गेली की तिच्यावर दव पडणारच. काच शरीरापेक्षा जराशी गरम असली की दव धरत नाही, उकळत्या पाण्याची गरज नसते. दुसरा उपाय साबणाच्या जातीचा. अँटिफॉगच्या बाटलीत असतं तेच: पाण्याचे बारीक थेंब होऊ न देता त्याचा सपाट पातळ थर करायचा. थेंब प्रकाश विखुरतात, सपाट थरातून आरपार दिसतं. माझा कान-नाक-घसावाला मित्र सायनसच्या कामात सॅव्हलॉन वापरतो, त्यातलं सेट्रिमाइड हेच करतं. कानाच्या कामात मात्र तो सॅव्हलॉनला हात लावत नाही, कारण त्यातलं क्लोरहेक्सिडिन मधल्या कानातून आत उतरलं तर ऐकू येणं जाऊ शकतं. गुडघ्याची दुर्बीण करणारा दुसरा मित्र आमच्यावर हसतो. त्याचा सांधा सलाईननं भरलेला, तिथे वाफच नाही.

वॉर्मर आला नोव्हेंबरात आणि पहिले दोन महिने मी त्याच्या प्रेमात होते. डिसेंबरात सकाळी सातची पहिली केस असली की स्टीलच्या कपाटातून काढलेली दुर्बीण हाताला बर्फासारखी लागते. आधी आम्ही स्टीलच्या थर्मासात गरम पाणी भरून घ्यायचो. झाकण उघडं, वर एसीचा झोत, अर्ध्या तासात पाणी कोमट आणि तासाभरात गार. मग सिस्टर बाहेर ओरडणार, "मामा, गरम पाणी आणा ना!" आणि मामा कुठल्या तरी मजल्यावर ट्रॉली ढकलत असणार. वॉर्मरमध्ये ही कटकट संपली. चीर देण्याआधी पाच मिनिटं टोक आत ठेवायचं, पोर्ट (पोटात शिरायची नळी) घातला की पुसून थेट पोटात. पहिल्या दहा मिनिटांचं धुकं जवळजवळ गेलं, आणि खरा त्रास त्याच दहा मिनिटांचा असतो. नंतर पोटाच्या उबेनं आणि दिव्यानं टोक आपोआप तापतं. जुन्या झेनॉनच्या दिव्यानं हे लवकर होतं. एलईडी थंड असतो, त्याच्यावर जरा उशीर लागतो.

जानेवारीत गाडी घसरली. एका आठवड्यात तीन केसमध्ये धुकं परत. वॉर्मर तापतोय, हाताला लागतंय, तरी चित्र दुधाळ. मी कंपनीला फोन केला, आवाज चढवला, माणूस बिचारा "मॅडम, थर्मोस्टॅट चेक करून पाठवतो" म्हणत राहिला. चौथ्या केसमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "डाग फिरतो का तुमच्यासोबत?" तेव्हा डोक्यात दिवा पेटला. कॅमेरा हेड एका हातात स्थिर धरायचं आणि नुसती दुर्बीण फिरवायची. डाग दुर्बिणीबरोबर फिरला तर तो दुर्बिणीवर आहे, पडद्यावर जागच्या जागी बसला तर कॅमेऱ्यात किंवा दोन्ही जोडणाऱ्या कपलरमध्ये. माझा फिरला. कॅमेरा काढून दुर्बीण खिडकीकडे धरली, डोळा लावला, तर टोक लख्ख पुसलेलं असूनही आत धूसर. सील गेलेलं.

इथे थोडं अवांतर. 1959 मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांनी पेटंट घेतलं त्या रचनेत जुन्या दुर्बिणीचं उलटं केलंय: आधी नळीभर हवा आणि मधेमधे छोटी भिंगं असायची, त्यांनी नळीभर काचेच्या कांड्या घातल्या आणि मधे हवेच्या फटी ठेवल्या. म्हणून एवढा प्रकाश येतो. पण सील गेलं की त्या फटींत ओल शिरते, आणि बाहेरून कितीही पुसा, काही होत नाही. दुरुस्तीला तीन आठवडे गेले, दुरुस्तीवाल्यानं बिलासोबत उपदेशही दिला: गरम पाण्यातून काढून थेट गार पाण्यात बुडवत जाऊ नका, काच आणि धातू सारखे आकसत नाहीत. आमच्या एका ओटीत नेमकं तेच चालायचं. वॉर्मरमधून काढली की शेजारच्या गार सलाईनच्या वाटीत खळखळ. कंपनीच्या त्या माणसाची मी नंतर फोन करून माफी मागितली.

त्यानंतर सवय लागली, चित्र खराब झालं की आधी विचारायचं: हे नेमकं काय आहे? सगळ्याला आपण "फॉग" म्हणतो, पण निम्म्या वेळा तो फॉग नसतोच. कॉटरीचा किंवा हार्मोनिकचा (दोन्ही कापायची-डागायची हत्यारं) धूर असतो, त्याला बाजूच्या पोर्टचा नळ जरा उघडला की पुरे. चरबीचे शिंतोडे असतात, ते गरम पाण्यानं सुटतात, कोरड्या गॉजनं पसरतात. आणि सगळ्यात फसवा असतो कॅन्युलाच्या, म्हणजे पोर्टच्या नळीच्या, आत लागलेला रक्ताचा थेंब. दुर्बीण पुसली, आत घातली, पडदा लाल. परत काढली, पुसली, परत लाल. काच धुऊन उपयोग नाही, नळी आतून पुसायला हवी. लांब चिमट्यात गॉज गुंडाळून कॅन्युलाच्या आरपार फिरवायचं, व्हॉल्व्हच्या घडीत विशेष. ऑक्टोबरातल्या त्या अकरा वेळांपैकी बऱ्याच याच असणार, असं आता वाटतं.

दुसरी फुकटची गोष्ट गॅसची. आमच्याकडे सवयीनं पोट फुगवायच्या सीओटूची नळी कॅमेऱ्याच्याच पोर्टला राहते, कारण वेरेस सुई (सुरुवातीला गॅस भरायची) काढल्यावर पहिला पोर्ट तोच पडतो. तो गॅस कोरडा आणि खोलीच्या तापमानाचा. सक्शन केलं, पोटातलं प्रेशर 12 वरून उतरलं, की इन्सफ्लेटर (गॅस भरणारं यंत्र) जोरात गॅस सोडतो आणि तो गार झोत तापवलेल्या काचेवरून जातो. काच गार, मग पोटातली वाफ तिच्यावर. दुसरा पोर्ट पडला की नळी तिकडे हलवायची. दहा सेकंदांचं काम आहे. एका ओटीत हे सुरू केलं तेव्हा वॉर्मर चार्ज करायला विसरले होते, तरी केस नीट झाली. तेव्हा मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली की मी पैसे कशाचे दिले.

मे महिन्यात उत्तर बदललं. बाहेर 45 अंश, आणि आत गाऊन घातलेली माणसं घामानं निथळतात म्हणून एसी 17 वर. आपल्याकडे काच सगळ्यात गार उन्हाळ्यात असते, हे नवीन मुलांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते. लांब केस, गर्भाशय किंवा मोठ्या आतड्याची, दोन-तीन तासांची. त्यात थर्मास दोनदा तरी बदलावा लागतो. वॉर्मर तिथे खरंच कामाला येतो. लाइट गेली आणि जनरेटर यायला वेळ लागला तरी पाणी गरमच.

तक्रारी आहेत. नळी अरुंद आहे, 10 मिमीची दुर्बीण बसते पण घाईत टोक कडेला आपटतं. तळाला गादी नाही, म्हणून आम्ही गॉजचा घडीचा तुकडा टाकायला लागलो. थर्मासातही टाकतोच.

त्या गॉजची गोष्ट सांगायलाच हवी. मार्चमध्ये एक केस संपली, टाके घालायच्या आधी सिस्टरांनी मोजणी केली तर एक गॉज कमी. पुन्हा मोजले, कमी. बादली उलटी केली, ट्रॉलीखाली बघितलं, दुर्बिणीनं पोटाचा कोपरान् कोपरा पालथा घातला, यकृताखाली, ओटीपोटात. एक्स-रेवाल्याला फोन गेला. भूल वाढवलेली, सगळे गप्प. वीस मिनिटं अशी गेली. मग मावशी वॉर्मरची नळी धुवायला म्हणून उलटी करायला गेल्या आणि आतून चिंब भिजलेला तो तुकडा पचकन ताटलीत पडला. कुणी काही बोललं नाही. आता तळाला जाणारा गॉज आधी मोजणीच्या फळ्यावर लिहिला जातो, "नळी – 1" असा. कुणी हे यंत्र घेणार असेल तर पहिल्या दिवसापासून हे करा.

पाण्याबद्दलही. मी सलाईन सोडून स्टराइल पाणी वापरते, सलाईन काचेवर वाळलं की मिठाचे ठिपके राहतात. पण ते भांडं वेगळं ठेवा, घाईत पोट धुवायला तेच उचललं जाऊ नये. पुसायला साधं गॉज नको, धागे सोडतं आणि वर्षभरात बारीक चरे दिसायला लागतात. मी मऊ विणीचं कापड कापून ऑटोक्लेव्ह करून ठेवते. आणि दुर्बीण बाहेर काढून ड्रेपवर टेकवणार असाल तर दिवा स्टँडबायवर. टोकाच्या उष्णतेनं कापड जळतं. त्यात अँटिफॉग स्पिरिटवाला असेल तर आणखी सांभाळा.

अँटिफॉगची बाटली मी तीन महिने वॉर्मरसोबत वापरली, मग सोडली. काच गरम असेल तर त्याची भर फारशी जाणवत नाही, आणि थेंब नीट न पुसता आत गेला तर चित्राला तेलकट झाक येते. बेटाडीनमध्ये बुडवून पुसायची जुनी पद्धत मेडिकलला शिकताना आमच्या हातात बसली होती. ती चालते, पण पुसणं कमी पडलं तर सगळं पोट पिवळसर, आणि पित्त कुठे गळतंय का ते बघताना नेमका तोच रंग नको असतो. परदेशी कंपन्यांचे एकदाच वापरायचे गरम होणारे डबेही मिळतात, ते मी एका वर्कशॉपमध्ये वापरले. उत्तम आहेत. पण दर पेशंटला एक नवा, ते बिल सरकारी योजनेच्या केसमध्ये कुणाच्या माथी मारायचं?

घ्यावा का, हे दोघा-तिघांनी विचारलंय. दिवसाला दोन-तीन छोट्या कोली करत असाल तर आधी एक चांगला स्टीलचा थर्मास घ्या, गॅसची नळी हलवा, कॅन्युला पुसा आणि महिनाभर बघा. लांब केस करत असाल किंवा माझ्यासारखं दुसऱ्याच्या ओटीत गरम पाण्यासाठी हाका मारत बसावं लागत असेल तर घ्या. तळाला गादी आणि रुंद नळी असलेला मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या.

माझ्याची बॅटरी जुलैपासून दुसऱ्या तासातच बीप करायला लागलीय. नवी मागवलीय, अजून आलेली नाही. गेल्या आठवड्यात धंतोलीत तीन तासांची केस होती, दीड तासानं तो बीप वाजला तेव्हा सिस्टरांनी न सांगता ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून थर्मास काढला. फळ्यावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, "थर्मास – 1".