अव्हलांच बीकन, दोन सीझननंतर: सेलच्या कप्प्याने डोकं फिरवलं

अव्हलांच बीकन म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायचं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र; एकाचा सिग्नल दुसऱ्याचा बीकन पकडतो. दोन सीझन गुलमर्गला वापरला, गोंडोलाने (केबल कारने) अफरवत डोंगरावर जायचं आणि तिथून स्कीवर. तीन अँटेना, सिग्नलची 457 किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सी वगैरे सांगत बसत नाही. मला बोलायचंय सेलच्या कप्प्याबद्दल.

मार्चमध्ये पुण्याला आलो, सेल न काढता कपाटात ठेवला, मधे अख्खा पावसाळा गेला. नोव्हेंबरात उघडलं तर एक सेल लीक होऊन पांढरी पूड पसरलेली आणि स्प्रिंगवर हिरवट थर! सर्व्हिसवाले म्हणे सेल लीक वॉरंटीत येत नाही. सेल काढायला हवे होते हे मान्य, पण तीसेक हजारांच्या वस्तूत, जिच्यावर जीव अवलंबून आहे, थोडं सीलिंग द्यायला काय झालं? दोनदा भांडलो, शेवटी पदरचे पैसे घालून स्प्रिंग बदलून घेतली.

इथपर्यंत डिसेंबरमध्ये लिहिलेलं, दोनच स्टार देणार होतो. जानेवारीत मत बदललं.

रात्रभर बर्फ पडला, वाराही होता, गाईडने उतारावर जायला साफ नकार दिला. खड्डा खणून तळाचा बर्फ माझ्या हातमोज्यावर ठेवला, अगदी जाड साखरेसारखे सुटे दाणे, मूठ वळली तरी चिकटत नाहीत. अशा थरावर नवीन बर्फाचं ओझं आलं की वरची अख्खी बर्फाची लादीच सुटून खाली येते. मग सपाटीवरच सराव केला, त्याने एक बीकन पिशवीत घालून बर्फात पुरला. माझ्या बीकनच्या स्क्रीनवर अंतराचे (मीटरमध्ये) 22, 37, 19, आकडे नुसते उड्या मारत होते, मी परत कंपनीवर चिडणार तेवढ्यात तो म्हणाला, फोन कुठेय? छातीच्या खिशात! बंद करून सॅकमध्ये टाकला आणि आकडे शांत झाले. शोधताना फोन निदान 50 सेंटीमीटर लांब हवा, हे मॅन्युअलमध्ये आहे, मी वाचलंच नव्हतं. स्क्रीनवरचा दिशेचा बाण सरळ नेत नाही, वळणाने नेतो, त्यावर विश्वास ठेवून चालत राहायचं. शेवटच्या तीन मीटरमध्ये बीकन बर्फालगत धरून अगदी हळू. सात मिनिटांत प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) पिशवीला लागला. गाडलेल्या माणसाकडे दहा-पंधरा मिनिटंच असतात, त्यामुळे ही सात मिनिटं मला अजून कमी करायचीत.

म्हणून चार स्टार. एक कप्प्यासाठी कापलाय आणि तो परत देणार नाही.

आणि हो, पैसे वाचवायला रिचार्जेबल सेल घालू नका, मी घातले होते. इंडिकेटर अल्कलाइनच्या हिशेबाने चालतो, भरपूर चार्ज दाखवतो आणि एकदम बसतो. आता साधे अल्कलाइन घेतो, निम्म्यावर आले की टीव्हीच्या रिमोटला लावतो, आणि घरी पोचल्यावर बॅग उघडायच्या आधी बीकनमधले सेल काढतो.